हजारातला एक

(नागपूर येथे झालेल्या वार्षिक स्मृतिव्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांना मी चाळीस वर्षे 'सर' म्हणत आलो. आज माइकसमोर पूर्ण नाव घेऊन बोलणे जमायचे नाही, म्हणून 'सर'च म्हणतो. त्यांची एक सवय तुमच्यातल्या पुष्कळांना आठवत असेल. राउंडला ते खाटेच्या पायथ्याशी उभे राहत नसत. सिस्टरांच्या टेबलाजवळचे लोखंडी स्टूल ओढून पेशंटच्या उशाशी बसत. आम्ही आठ-दहा पोरे मागे उभी. पायांना रग लागलेली, मेसची वेळ टळत चाललेली, आणि सर विचारत असायचे, "गावाहून कशाने आलात? एसटीने की पॅसेंजरने? सोबत कोण आहे? घरी ढोरांकडे कोण पाहते?" आम्हाला वाटायचे, सर वेळ काढतात. माणूस किती दिवस दुखणे अंगावर काढून आला, आधी कुठे कुठे दाखवून आला, खिशात किती उरले आणि लिहून दिलेले औषध किती दिवस घेईल, हे सगळे त्या चार प्रश्नांत बाहेर येत होते. हे समजायला मला स्वतःला शिक्षक व्हावे लागले.

संयोजकांनी विषय दिला तो 'एमबीबीएसचे शिक्षण कसे सुधारावे' हा. विषय अवाढव्य आहे. फी, आरक्षण, खासगी की सरकारी, नीटचे घोळ, यांवर मी आज बोलणार नाही. त्यावर आपण नंतर चहाच्या वेळी भांडू. साडेचार वर्षे आणि वर्षभराची इंटर्नशिप एवढ्या काळात आपण मुलाला नेमका कोणता पेशंट दाखवतो, एवढाच माझा आजचा मुद्दा आहे.

१९६१ मध्ये केर व्हाइट नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक छोटा हिशेब मांडला. हजार प्रौढ माणसे घ्या आणि महिनाभर पाहा. त्यांतल्या ७५० जणांना काही ना काही दुखते-खुपते. २५० जण डॉक्टरकडे जातात. ९ जण इस्पितळात भरती होतात. आणि विद्यापीठाच्या इस्पितळापर्यंत, म्हणजे जिथे वैद्यकीचे विद्यार्थी शिकतात तिथपर्यंत, पोहोचतो १. आकडे अमेरिका आणि इंग्लंडमधले आहेत. आपल्याकडे कोणी मोजले तर वेगळे निघतील, पण उतरंड अशीच असेल. आपली सगळी पाठ्यपुस्तके, आपल्या सगळ्या परीक्षा, आपल्या सगळ्या वॉर्डांतल्या खाटा त्या एका माणसाभोवती उभ्या आहेत. उरलेले नऊशे नव्व्याण्णव कुठे असतात, त्यांचे काय होते, हे मुलाला पदवी मिळाल्यावर कळते. बहुधा त्यांच्यापैकीच कोणी समोर येऊन बसतो तेव्हा.

आपल्या 'मेडिकल'चेच, म्हणजे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचेच, उदाहरण घ्या. १९४७ साली हे कॉलेज सुरू झाले तेव्हा नागपूर मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होती. राजधानी गेली, पण पेशंटला त्याची खबर नाही. आजही कॅज्युअल्टीच्या दारात बालाघाट, शिवनी, छिंदवाडा, राजनांदगाव, आदिलाबादहून गाड्या लागतात. गोंदिया-चंद्रपूर-गडचिरोली तर घरचेच. एवढ्या लांबून येणारा माणूस सरळ येत नाही. गावातला डॉक्टर, तालुक्याचे इस्पितळ, मध्ये एखादा भगत, उसनवारी, मग नागपूर. तो आपल्या वॉर्डात शिरतो तेव्हा नाटकाचा तिसरा अंक चालू झालेला असतो आणि आपल्या विद्यार्थ्याला वाटते, पडदा आत्ताच वर गेला.

या गैरसमजाला आपण एक इंग्रजी वाक्यही बहाल केले आहे. सभागृहातले सगळे डॉक्टर ते माझ्याबरोबर म्हणू शकतील. केस प्रेझेंट करताना पहिले वाक्य काय? 'पेशंट वॉज अपॅरंटली ऑलराइट टू मंथ्स बॅक.' (हशा) हसलात म्हणजे पाठ आहे. देशातला प्रत्येक एमबीबीएस हे वाक्य बोलून पास झालेला आहे. तीन वर्षांचा असल्यापासून हातपाय सुजणारा, महिन्या-दोन महिन्यांनी तापाने फणफणणारा सिकलसेलचा मुलगासुद्धा आपल्या प्रेझेंटेशनमध्ये दोन महिन्यांपूर्वीपर्यंत ऑलराइट असतो. ऑलराइट तो कधीच नव्हता. आपल्याकडे आला नव्हता, एवढेच.

आता गडचिरोलीला जाऊ. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग दोघेही याच मेडिकलचे विद्यार्थी. १९८९ मध्ये त्यांनी 'लॅन्सेट'मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी त्यांनी केली होती. दुखते म्हणून दवाखान्यात आलेल्या या बायका नव्हेत. सरसकट गावातल्या. त्यांतल्या ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. आणि त्याआधी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या किती होत्या? ८ टक्के. मी हे आकडे प्रथम वाचले तेव्हा स्त्रीरोगाच्या पोस्टिंगमधले माझे दिवस आठवले. आमची ओपीडी ओसंडून वाहत असे आणि आम्हाला वाटे की विदर्भातल्या सगळ्या बायकांचे दुखणे आमच्यासमोर रांगेत उभे आहे. ती रांग म्हणजे आठ टक्क्यांची रांग होती. उरलेल्या ९२ टक्क्यांना दुखणे सांगायला शब्द होते, 'अंगावर जाते', 'कंबर भरून येते', पण ते ऐकायला समोर कोणी बसलेले नव्हते.

दुसरे उदाहरण डॉ. हिंमतराव बावस्करांचे. जालना जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेला हा मुलगा नागपुरात एमबीबीएस झाला आणि रायगड जिल्ह्यात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला लागला. कोकणात लाल विंचू. डंख झालेली धडधाकट माणसे, लहान पोरे, काही तासांत तोंडाला फेस येऊन मरत होती. शिकताना हाती असलेल्या पुस्तकांत विंचवाच्या दंशाला फारशी किंमत नव्हती. दुखते, सुन्न करणारे इंजेक्शन द्या, घरी पाठवा. बावस्करांनी पुस्तक मिटले आणि पेशंटच्या उशाशी बसले, रात्ररात्र. दर थोड्या वेळाने नाडी, रक्तदाब, छातीचे आवाज लिहून ठेवले. आधी रक्तदाब चढतो, मग हृदय थकते आणि फुप्फुसात पाणी भरते, असा त्या मरणाचा क्रम त्यांना सापडला. मग प्राझोसिन हे रक्तदाबाचे स्वस्त औषध त्यांनी वापरले. शंभरात तीस-चाळीस मरत होते, तिथे एक-दोनावर आले. त्यांचे लेखन 'लॅन्सेट'ने छापले आणि पुढे २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आपण अशा लोकांचे सत्कार करतो आणि 'मेडिकलचा विद्यार्थी' म्हणून छाती फुगवतो. मी पण फुगवतो. पण शिक्षक म्हणून मला त्या गोष्टीतला एक भाग टोचतो. जे त्यांना सगळ्यांत जास्त लागले ते आम्ही शिकवले नव्हते. मेळघाटातल्या बैरागडला गेलेले डॉ. रवींद्र कोल्हे हेही नागपूरचेच. तिथे काही काळ काढल्यावर आपले ज्ञान अपुरे पडते हे ओळखून ते पुन्हा शिकायला परत आले. किती जणांना परत येणे सुचते? आणि ज्यांना सुचत नाही, बावस्करांसारखे रात्रभर बसणे जमत नाही, त्यांच्या वाट्याला आलेल्या पेशंटांचे काय होते? बावस्कर घडले ते शिक्षणामुळे की शिक्षण असूनही, याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही.

नागपूरने कधी बाहेर पाहिलेच नाही असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. १९५८ मध्ये शुक्ला आणि सोलंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलवर 'लॅन्सेट'मध्ये लिहिले. तोवर या भागात हा रोग आहे हेच फार थोड्यांना माहीत होते. आज विदर्भात खेड्यातली बाईही 'पोरीचा एएस पॅटर्न निघाला', म्हणजे ती सिकलसेलची वाहक आहे, असे सहज सांगते. शब्द ओपीडीतून गावात गेला. पण आमच्या फायनलच्या परीक्षेत सिकलसेल अजूनही प्लीहा चाचपण्यापुरता आणि रक्ताच्या रिपोर्टपुरता येतो. दोन एएसवाल्यांचे लग्न जुळत आले आहे आणि मुलीचा बाप समोर बसून विचारतो आहे, 'साहेब, करू का नको?' याला काय सांगायचे, कोणत्या शब्दांत सांगायचे, हे कोणी परीक्षेत विचारले असेल तर मला दाखवा.

परीक्षेवरून परीक्षेचे पेशंटही आठवले. ज्यांना परीक्षेच्या तारखा परीक्षकांच्या आधी कळतात असे काही जुने पेशंट असतात. त्यांच्या छातीत मर्मर असतो किंवा पोटात मोठी प्लीहा. ते वर्षानुवर्षे येतात, भत्ता घेतात, आणि चाचरणाऱ्या मुलाला दयेने हळूच सांगतात, 'साहेब, मायट्रल स्टेनोसिस आहे. मागच्या टायमालाही हेच होते.' त्यांच्यावर पास झालेले मोठमोठे डॉक्टर आज या सभागृहात बसलेले आहेत. मी नावे घेत नाही, माझेही त्यात येईल.

केसशीटवर काय येत नाही त्याचे एक उदाहरण सांगतो. २०१७ चा पावसाळा. यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणारे शेतकरी आणि शेतमजूर एकामागून एक इस्पितळात येऊ लागले. विषबाधेने वीसहून अधिक माणसे त्या हंगामात गेली. सरकार, कंपन्या, चौकशा हे सगळे झाले. मला वेगळी गोष्ट आठवते. त्यानंतर मी माझ्या फायनलच्या मुलांच्या केसशीट्स काढून वाचल्या. 'ऑक्युपेशन' या रकान्यात शंभरातल्या साठ-सत्तर शीट्समध्ये एकच शब्द होता. 'फार्मर.' कोणते पीक, काय फवारले, कोणत्या पंपाने, तोंडाला काय बांधले होते, पायात काही होते का, फवारणीनंतर हात धुवायला पाणी होते का, एकाही शीटवर नाही. विदर्भाच्या मातीत शिकणाऱ्या मुलांच्या शीटवर नाही.

हे प्रश्न विचारा असे सांगणे नवे नाही. इटलीत १७०० साली बर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्याने कामगारांच्या रोगांवर पुस्तक लिहिले. त्यात तो वैद्याला सांगतो की कष्टकऱ्याच्या घरी गेलास तर सोन्याचा मुलामा दिलेली खुर्ची मागू नकोस, तीन पायांच्या स्टुलावर बस, घाई करू नकोस, आणि हिपोक्रेटिसने सांगितलेल्या प्रश्नांत आणखी एक घाल, 'तू काम काय करतोस?' सरांनी रामाझ्झिनी वाचला होता की नाही, हे विचारायचे माझे राहूनच गेले.

आता भाषेचे. वैद्यकीचे शिक्षण मातृभाषेतून द्यावे की नाही यावर वाद चालू आहे. मध्य प्रदेशाने २०२२ मध्ये हिंदीत पुस्तके काढली. मी त्या वादात दोन्हीकडून थोडा थोडा आहे, म्हणजे कुणाच्याच कामाचा नाही. पण पुस्तकाच्या भाषेवर एवढे बोलताना पेशंटच्या भाषेवर कोणी बोलत नाही. माझ्याच युनिटमधला प्रसंग आहे. वर्ध्याकडची एक साठीची बाई. विद्यार्थ्याने केस मांडली, 'अँग्झायटी, टू मंथ्स.' मी म्हटले, ती काय म्हणाली ते सांग. तो म्हणाला, 'जीव घाबरते म्हणाली, सर.' मग मी तिच्याजवळ बसलो. जीव कधी घाबरते? रात्री. झोपली की. उठून बसावे लागते, खिडकीशी जावे लागते. उशा किती घेता? आधी एक, आता तीन. बाईचे हृदय थकले होते. मुलगा हुशार होता, मराठी घरातला होता, पुण्यात वाढला होता. त्याच्या घरात 'जीव घाबरणे' म्हणजे भीती वाटणे. तिच्या घरात त्याचा अर्थ दम लागणे. इंग्रजीत जाताना त्या दोन्हींमधला फरक पुसला गेला आणि दोन आठवडे तिला भलत्याच गोळ्या गेल्या. दोष मुलाचा नव्हता. केस इंग्रजीत मांड, असे त्याला आम्हीच सांगितले होते. पेशंटचे पहिले वाक्य त्याच्याच शब्दांत म्हणून दाखव, असे आम्ही एकदाही सांगितले नव्हते. गोंडी, कोरकू, छत्तीसगढी बोलणाऱ्या पेशंटची गोष्ट तर मी काढतच नाही.

आता थोडे मागे जाऊ. मागच्या पिढ्यांनाही हे कळत होते. सर जोसेफ भोर यांच्या आरोग्यविषयक समितीने १९४६ च्या अहवालात म्हटले की देशाला समाज समजणारा मूलभूत डॉक्टर हवा, आणि त्यासाठी विद्यार्थ्याला प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकात तीन महिन्यांचे शिक्षण द्यावे. त्याच अहवालाने एलएमपी हा छोटा अभ्यासक्रम बंद करून देशात एकाच दर्जाचा डॉक्टर असावा असे ठरवले. आपल्या नागपुरातली रॉबर्टसन मेडिकल स्कूल असेच एलएमपी घडवत असे. समितीतल्या काही सदस्यांचा या निर्णयाला विरोध होता. खेड्यात जाईल असा डॉक्टर मग मिळणार कुठून, हा त्यांचा प्रश्न. एकच दर्जा हवा हे तत्त्व मला पटते. पण तो दर्जा शेवटी मोठ्या इस्पितळाच्या मापाने शिवला गेला आणि समाज समजणारा डॉक्टर कागदावर राहिला.

जिथे तो कागदावरून उतरवायचा खरा प्रयत्न झाला ते ठिकाण इथून दीड-दोन तासांवर आहे. डॉ. सुशीला नय्यर यांनी १९६९ मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, सेवाग्रामला मेडिकल कॉलेज काढले. पहिल्या तुकडीत साठ मुले. प्रवेश मिळाला की आधी आश्रमात राहायचे. झाडू, प्रार्थना, सूतकताई. प्रत्येक तुकडीने एक गाव घ्यायचे, त्या गावात शिबिराला राहायचे, प्रत्येक मुलाकडे काही कुटुंबे आणि पुढची वर्षे त्या कुटुंबांकडे जात राहायचे. प्रवेशपरीक्षेत गांधीविचाराचा स्वतंत्र पेपर होता. नीट आली आणि तो गेला. झाडू-सूतकताईची आमच्या काळात आम्ही नागपूरवाले यथेच्छ टिंगल केली. आता त्याची लाज वाटते. सेवाग्रामची सगळी मुले खेड्यात गेली असे नाही, पुष्कळ परदेशातही गेली, आणि तिथले शिक्षक हे मोकळेपणाने सांगतात. पण त्या योजनेत एक गोष्ट खरी होती. गाव आणि वॉर्ड एका दोरीने बांधलेले होते. तिथल्याच डॉ. उल्हास जाजूंनी गावांत ज्वारीवर चालणारी विम्याची योजना उभी केली. सुगीला घरटी ज्वारी द्यायची आणि आजारी पडल्यावर कॉलेजच्या कस्तुरबा रुग्णालयात यायचे. ज्या घरी मुलाने पाणी प्यायले, त्या घरचा माणूस खाटेवर दिसू शकत होता.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने आता तीच कल्पना देशभर नेली आहे. २०२१-२२ च्या तुकडीपासून प्रत्येक विद्यार्थ्याने तीन ते पाच कुटुंबे दत्तक घ्यायची. बातमी वाचून मला आनंद झाला. मग एका गावात मुलांबरोबर गेलो. बस आली, मुले उतरली, रक्तदाब मोजला, फॉर्म भरला, फोटो काढला, बस गेली. मी मागे राहिलो. ज्या म्हातारीचा रक्तदाब १८०/११० लिहिला होता तिला विचारले, आता पुढे काय सांगितले? ती म्हणाली, "काई नाई बापा, पोरगी लय गोड होती." दोरीचे दुसरे टोक कुठेच बांधलेले नव्हते. ती म्हातारी आजारी पडली तर ती ज्या इस्पितळात जाईल तिथे त्या गोड मुलीला कोणी बोलावणार नव्हते.

२०१९ पासूनचा नवा अभ्यासक्रम वाईट आहे असे मी म्हणत नाही. पहिल्याच वर्षी पेशंट दाखवा, सुरुवातीचा काळ पायाभूत शिक्षणाला द्या, संवाद आणि नीतीसाठी 'एटकॉम'चे २७ मॉड्यूल शिकवा, मुलाला काय माहीत आहे यापेक्षा त्याला काय करता येते ते पाहा. यातले प्रत्येक वाक्य सरांनी सही करून दिले असते. पण 'करता येते' हे पाहायला कोणीतरी पाहावे लागते. आपल्याकडे त्या जागी लॉगबुक, म्हणजे सह्यांची नोंदवही, आले. शेवटच्या आठवड्यात चाळीस-चाळीस सह्या एका दुपारी करणारे शिक्षक मी पाहिले आहेत. आरसा पाहिला तरी दिसतो त्यांतला एक. (हशा) दोष नुसता आळसाचा नाही. २०१४ मध्ये देशात एमबीबीएसच्या ५१ हजारांच्या आसपास जागा होत्या, त्या आता एक लाखाच्या पुढे गेल्या आहेत. शिक्षक त्या प्रमाणात कुठून येणार? एका खाटेभोवती पंचवीस मुले उभी असतात. पहिल्या चौघांना पेशंट दिसतो, उरलेल्यांना चौघांची पाठ.

मला सांगा, तुमच्यापैकी कितीजणांना एमबीबीएसच्या साडेचार वर्षांत एखाद्या शिक्षकाने पहिल्या प्रश्नापासून शेवटपर्यंत पेशंटशी बोलताना आणि तपासताना पाहिले? पूर्ण, मध्ये न उठता? हात वर करा. (सभागृहात तीन-चार हात) मला एकदाही पाहिले नाही. माझे मांडणे पाहिले, तपासणे नाही. गाडीचा परवाना देतानासुद्धा माणूस शेजारी बसतो.

शेजारी बसून शिकवणे कसे असते तेही पाहा. बंग दांपत्याने गडचिरोलीत लहान मुलांचा न्यूमोनिया ओळखायला सुईणींना शिकवले. त्यांतल्या पुष्कळांना अक्षरओळख नव्हती. आकडे मोजता येत नाहीत म्हणून वाळूचे घड्याळ आणि मणी असलेले एक साधे उपकरण त्यांनी बनवले. वाळू पडेपर्यंत श्वास मोजायचे, मणी सरकवायचे, ठरल्या मण्यापलीकडे गेले की न्यूमोनिया. आणि शिकवणारा शेजारी बसून पाहायचा, पुन्हा करायला लावायचा, पुन्हा पाहायचा. आमचा फायनलचा विद्यार्थी श्वासाचा दर किती लिहितो? बहुतेक वेळा १८. कोणत्याही वॉर्डातल्या शीट्स काढा, सगळा भारत मिनिटाला अठरा श्वास घेतो.

आणि ज्या वर्षी हे सगळे हाताला बसायचे ते इंटर्नशिपचे वर्ष आपण कोचिंगला देऊन टाकले. पीजीच्या नीटमध्ये साडेतीन तासांत २०० बहुपर्यायी प्रश्न सोडवायचे असतात. त्यात कोणी स्टुलावर बसत नाही. इंटर्न सकाळी रक्ताच्या बाटल्या पोचवतो, दुपारी रिपोर्ट आणतो, आणि संधी मिळाली की रीडिंग रूम. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या पोस्टिंगला कोणता विद्यार्थी किती दिवस खरोखर हजर असतो, हे इथे बोलायला नको. आपली मुले आळशी नाहीत, गणिती आहेत. जिथे गुण आहेत तिथे ती बसतात. एमबीबीएसच्या शेवटी घ्यायची 'नेक्स्ट' ही देशव्यापी परीक्षा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०१९ च्या कायद्यात लिहिलेली आहे आणि पुढे ढकलली जात आहे. ती आली तर तिच्यात पेशंटसमोर बसवून पाहण्याचा भाग खरा ठेवा. नाहीतर आणखी २०० प्रश्नांची भर पडेल आणि आणखी दोन कोचिंग क्लास निघतील.

आता मला जे मागायचे आहे ते मागतो. दिल्लीकडे काही मागत नाही. नागपूरकडे, या सभागृहाकडे मागतो.

व्हाइट यांच्या हिशेबातले २५० जण कुठे जातात? तुमच्याकडे. सीताबर्डी, नंदनवन, जरीपटका, कामठी, काटोल, उमरेड, भंडाऱ्याच्या छोट्या दवाखान्यांत. पहिल्या दिवशीचा ताप, पहिल्या आठवड्याचा खोकला, नवऱ्याने मारल्यावर 'पडले' म्हणून सांगणारी बाई, साखर वाढली म्हणून घाबरलेला रिक्षावाला, हे सगळे तुमच्यासमोर बसते. एमबीबीएसच्या पूर्ण अभ्यासक्रमात आपला विद्यार्थी फॅमिली डॉक्टरच्या खोलीत एक तासही बसत नाही. जो पेशा त्यांतले पुष्कळजण आयुष्यभर करणार, तो त्यांनी कधी पाहिलेलाच नसतो. नव्या अभ्यासक्रमात इलेक्टिव्हचे काही आठवडे आहेत. मी जिथे शिकवले त्या कॉलेजला आणि बाकीच्या कॉलेजांना माझी विनंती आहे की त्यांतले दोन आठवडे तरी या दवाखान्यांना द्या. २०२४ मध्ये गडचिरोली, भंडारा, बुलढाणा, वाशीम, अमरावती इथे सरकारी कॉलेजे निघाली. तिथली मुले जिथे रोग राहतो तिथेच शिकत आहेत. त्यांना पुन्हा मोठ्या इस्पितळाच्या स्वप्नात नेऊ नका.

आणि दवाखाना चालवणाऱ्या मित्रांनो, तुम्ही एवढेच करा. तुमच्या खोलीत, तुमच्या खुर्चीशेजारी, एक स्टूल जास्तीचे ठेवा. पेशंटची परवानगी घ्या. विद्यार्थ्याला बसवा, त्याला आधी बोलू द्या, आणि तो बोलत असताना तुम्ही गप्प राहून पाहा. मग त्याला सांगा, तू काय ऐकले आणि ती काय म्हणाली.

बाहेर दाराशी टेबलावर एक वही ठेवली आहे. ज्यांची तयारी असेल त्यांनी जाताना नाव, दवाखान्याचा पत्ता आणि आठवड्यातला कोणता दिवस जमेल ते लिहावे. पहिले नाव माझे आहे. गुरुवार, सकाळी दहा ते एक.